सूचना दिली म्हणजे समजली का? सिनॉप्सिसमधल्या एका आकृतीविषयी

कंपनीतल्या अंतर्गत संवादाच्या नियोजनावर संशोधन करायचं ठरलं की सिनॉप्सिसमध्ये एक आकृती हमखास येते. डावीकडे संदेश देणारा, उजवीकडे घेणारा, मध्ये माध्यम आणि त्यात घुसणारा ‘गोंगाट’. खाली नाव लिहिलेलं असतं, शॅनन-वीव्हर मॉडेल. माझं पदव्युत्तर शिक्षण विज्ञानातलं, त्यामुळे चौकटी आणि बाणांची ही आकृती मलाही लगेच आवडली होती. पण या विषयाचा पाया म्हणून ती अपुरी आहे असं माझं मत झालंय. ते का, हे बघू.

आधी मूळ लेखाकडे जाऊ. क्लॉड शॅननचा लेख १९४८ मध्ये बेल कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात आला. एखाद्या मार्गावरून किती माहिती किती अचूकपणे पाठवता येईल, हा त्याचा प्रश्न होता. संदेशाच्या अर्थाचा या अभियांत्रिकी प्रश्नाशी संबंध नाही, हे तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. हा त्याचा दोष नव्हे. अर्थ बाजूला ठेवला म्हणूनच माहिती मोजता आली. १९४९ च्या पुस्तकात वॉरन वीव्हरने तीन पातळ्या मांडल्या: चिन्हं अचूक पोहोचली का, अर्थ पोहोचला का आणि त्यामुळे वागणं बदललं का. शॅननचं गणित थेट पहिल्या पातळीचं आहे. पुढच्या दोन पातळ्यांवरही ते उपयोगी पडेल, अशी वीव्हरला आशा होती. आपण मात्र आकृती उचलतो आणि हे तीन प्रश्न तिथेच सोडून येतो.

मग संवादाचं नियोजन म्हणजे माध्यमांचा तक्ता होऊन बसतो: नोटीस बोर्ड, व्हॉट्सॲप ग्रुप, शिफ्टच्या सुरुवातीची बैठक. प्रश्नावलीत विचारलं जातं, “तुम्हाला सूचना वेळेवर मिळतात का?” उत्तरासाठी पाच पर्याय. हे सगळं पहिल्या पातळीवरच राहतं.

याची किंमत काय असते? ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू फलाटावर स्फोट झाला आणि १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० मध्ये आला. त्यातला निष्कर्ष असा, की एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि त्या जागी तात्पुरतं झाकण बसवलेलं होतं. रात्रपाळीतला दुसरा पंप बंद पडल्यावर हाच पंप सुरू करायला घेतला गेला. व्हॉल्व्ह काढल्याचा परवाना कागदावर होता, पण पाळी बदलताना ती गोष्ट रात्रपाळीच्या माणसांपर्यंत गेलीच नाही. आता सांगा, इथे ‘गोंगाट’ कुठे होता? माध्यम होतं, नोंद होती. ज्याला निर्णय घ्यायचा होता त्याच्याकडे, निर्णयाच्या क्षणी, ती माहिती नव्हती.

आता आपल्याकडे या. दौंड तालुक्यात कुरकुंभची रासायनिक वसाहत आहे आणि शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत. पाळ्या, वर्क परमिट, कंत्राटी कामगार, एकाच शेडमध्ये मराठी, हिंदी, भोजपुरी बोलणारी माणसं. अशा ठिकाणी सायरन ऐकू येतो का, हा शॅननचा प्रश्न आहे. सायरन ऐकल्यावर वारा कुठल्या दिशेचा आहे ते बघून पळायचं कुठे, हा प्रश्न त्याच्या आकृतीत नाही.

कायद्याचंही असंच आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमातलं कलम १०८ सांगत होतं की सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावा. बहुसंख्य हा शब्द नीट वाचा. मग उरलेल्यांचं काय? आणि ज्यांना वाचताच येत नाही, त्यांचं? भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने आलेली कलमं जास्त शहाणी होती. धोक्याची माहिती कामगारांना देणं बंधनकारक झालं आणि ४१-एच ने जिवाला धोका दिसला तर व्यवस्थापनाला कळवण्याचा हक्क कामगारांना दिला. म्हणजे आकृतीत नसलेला परतीचा बाण कायद्यात आला. हा अधिनियम २०२० च्या संहितेत सामावला गेला, पण संशोधकासाठी तो धडा कायम आहे.

परतीचा बाण प्रत्यक्षात कसा असतो, ते दौंडसारख्या जंक्शनच्या गावात कुणाही रेल्वेवाल्याला विचारा. फाटक सिग्नलशी जोडलेलं नसेल तर स्टेशन मास्तर गेटमनला गाडीची खबर देतो आणि त्याच्याकडून प्रायव्हेट नंबर घेतो. नुसतं “सांगितलं होतं” चालत नाही, नंबर लिहिलेला लागतो. अर्थात, ही पद्धत चालते कारण फाटक बंद करायचं, हा अर्थ दोघांनाही आधीच पक्का माहीत असतो. कारखान्यात रोज नवा प्रश्न उभा राहतो, तिथे नुसती पोच पुरत नाही. ऐकणाऱ्याने आपल्या शब्दांत परत सांगावं लागतं.

मग तुम्ही काय कराल? माध्यमांपासून सुरुवात करू नका, निर्णयापासून करा. पाळी बदलताना कुणाला कुठला निर्णय घ्यावा लागतो, त्यासाठी काय माहीत असायला हवं आणि ते त्याला कळलंय हे कशावरून कळेल? पाच पर्यायांच्या प्रश्नाऐवजी कामगाराला विचारा, “आत्ता या लाइनवर काय बंद आहे?” त्याचं उत्तर लॉगबुकशी ताडून बघा. खालून किती इशारे आले आणि त्यांचं पुढे काय झालं, तेही मोजा. हे जास्त कष्टाचं आहे, परवानगी मिळायलाही वेळ लागेल. उत्तर देणाऱ्या कामगारावर नंतर कुणी डूख धरणार नाही, याची सोय आधी करावी लागेल. नावं लिहूच नका.

शॅननला सोडा असं मी म्हणत नाही. मूळ लेख जरूर वाचा आणि त्याने स्वतः काय वगळलं ते तुमच्या सिनॉप्सिसमध्ये लिहा. व्हायवाला परीक्षक बहुधा तेच विचारतील. आणि त्यांनी नाही विचारलं, तरी रात्रपाळीतला माणूस त्याच वगळलेल्या भागात उभा असतो.