भाषाशिक्षकांचे प्रशिक्षण आणि गटातील अबोल मूल

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये शिक्षकासाठी वर्षाला किमान 50 तासांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास अपेक्षिला आहे. परंतु तास मोजल्याने वर्ग समावेशक होत नाही. तळेगाव दाभाडे परिसरातील वराळेसारख्या गावातील भाषेच्या वर्गाचा विचार करता हे ध्यानात येते. मावळातील ठाकर-कातकरी वस्त्या आणि औद्योगिक पट्ट्यात आलेली परप्रांतीय कामगारांची कुटुंबे यांमुळे प्रमाण मराठी ही येथील अनेक मुलांची घरची भाषा नसते. अशा वर्गात गट पाडले की प्रमाण भाषा येणारे मूल बोलते. दुसरे तक्त्यावर रेघा आखीत बसते. अहवालात मात्र त्यास सहकार्यात्मक अध्ययन म्हटले जाते! गटात कोण बोलले नाही व का, हे पाहण्याची दृष्टी व्याख्यानातून येत नाही. 2016 मध्ये राज्यात सुरू झालेल्या ‘तेजस’ उपक्रमात इंग्रजीचे शिक्षक परिसरनिहाय गटांत एकत्र बसून अध्यापनाविषयी चर्चा करीत. मराठीच्या शिक्षकांना अशा रचनेची निकड अधिक आहे. कारण कातकरी मुलाच्या बोलीतील शब्द फळ्यावर लिहावा की ‘दुरुस्त’ करावा, याचा निर्णय त्यांनाच, तोही तासिका चालू असतानाच, करावा लागतो.