सहप्रवासातील ‘आम्ही’

प्रवासवर्णनाच्या भाषेत सर्वांत निष्काळजीपणे वापरला जाणारा शब्द कोणता, असे कोणी विचारले तर मी ‘आम्ही’ या सर्वनामाकडे बोट दाखवीन. एकटा प्रवासी ‘मी’ म्हणतो तेव्हा पाहणारा कोण, दमणारा कोण आणि कंटाळणारा कोण याविषयी वाचकाला संदेह राहत नाही. परंतु पतिपत्नी मिळून प्रवासास निघतात आणि परतल्यावर दोघांपैकी एकच लिहावयास बसते, तेव्हा ‘आम्हांला ते चर्च फार आवडले’ या वाक्यातील आवड कोणाची? बहुतेक वेळा ती लिहिणाऱ्याची असते. दुसऱ्याची संमती गृहीत धरलेली असते, आणि वाचकही ती बिनतक्रार गृहीत धरतो.

इंग्लंडमधील संथ सहलींचे वाङ्मय वाचताना, व त्यातील काही उतारे मराठीत आणण्याचा यत्न करताना, हा प्रश्न मला वारंवार अडवीत आला आहे. इंग्रजीतील ‘वी’ वाचकाला आत घेते की दाराबाहेर ठेवते हे ते सांगत नाही. मराठीत ‘आम्ही’ व ‘आपण’ हा भेद आहे. गुजराती, तमिळ किंवा तेलुगू वाचकांनाही तो त्यांच्या भाषेतून परिचित आहे. अनुवादकाला तेथे निवड करावीच लागते. आणखी एक गंमत अशी की, मराठीत ‘मी चाललो’ आणि ‘मी चालले’ यांत पुरुष व स्त्री वेगळी दिसतात, पण ‘आम्ही चाललो’ म्हणताच तो भेद मिटतो. पाहण्याच्या क्रियेची तऱ्हा तर याहून निराळी. ‘मी मनोरा पाहिला’ हे वाक्य पतीचे की पत्नीचे, हे एकवचनातही कळत नाही. चालणारा कोण हे आमची भाषा सांगते. पाहणारा कोण हे भूतकाळात सांगत नाही. सहप्रवासाच्या लेखनातील सगळी अडचण मला या एका व्याकरणविशेषात सामावलेली दिसते.

अडचण ओळखणारे लेखक क्वचित भेटतात, आणि त्यांतील एक कादंबरीकार आहे. जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) गार्डिनर दांपत्य आपल्या भाचीला घेऊन उन्हाळी सहलीला निघते. मूळ बेत सरोवरांच्या प्रदेशाचा; पण श्रीयुत गार्डिनरांच्या व्यवसायामुळे सुट्टी आखडते व डर्बीशायरवर समाधान मानावे लागते. वाटेत ऑक्सफर्ड, ब्लेनहाइम, वॉरिक, केनिलवर्थ ही नावाजलेली ठिकाणे येतात, आणि ती सर्वांना ठाऊक आहेत असे सांगून लेखिका त्यांचे वर्णन करण्याचे चक्क नाकारते. तिला रस आहे तो बरोबर चालणाऱ्या माणसांत. पेंबर्लेच्या उद्यानात श्रीयुत गार्डिनर पाण्यातील मासे न्याहाळत मागे रेंगाळतात, कारण त्यांना गळ टाकण्याचा छंद, सौ. गार्डिनर थकतात व भाचीचा आधार पुरेनासा झाला म्हणून पतीचा हात धरतात. त्या थकव्यामुळेच डार्सीला एलिझाबेथशेजारी चालावयास मिळते. एकाच उद्यानात एकाची नजर पाण्याकडे आहे, दुसरीचे लक्ष दुखऱ्या पायांकडे आहे, आणि तिसरीला उद्यान दिसतच नाही, उद्यानाचा मालक तेवढा दिसतो. ‘त्यांनी उद्यान पाहिले’ एवढ्यावर ऑस्टेन थांबली असती, तर त्यांतले काहीच आपल्या हाती लागले नसते.

प्रत्यक्ष प्रवासलेखनाकडे वळले की हॉथॉर्न दांपत्याइतके बोधप्रद उदाहरण मला दुसरे सापडत नाही. नथॅनियल हॉथॉर्न हा अमेरिकन कादंबरीकार १८५३ साली लिव्हरपूल येथे आपल्या देशाचा वाणिज्यदूत म्हणून आला व १८५७ पर्यंत त्या पदावर राहिला. पत्नी सोफिया चित्रकर्ती होती. कचेरीतून सवड मिळेल तशी या कुटुंबाने इंग्लंडची शहरे व खेडी पाहिली. १८५५ च्या उन्हाळ्यात सरोवरांचा प्रदेश झाला, लेमिंग्टनला त्यांचे पुनःपुन्हा वास्तव्य घडले, यॉर्क व लिंकनची कॅथीड्रले झाली. त्यांच्या प्रवासात आगगाडी होती, पण घाई नव्हती. एखाद्या गावी बिऱ्हाड करायचे, तेथून आसपास पायी हिंडायचे, आवडलेल्या जागी दुसऱ्यांदा जायचे, अशी त्यांची रीत होती.

या प्रवासातून दोन पुस्तके निघाली. पतीचे ‘अवर ओल्ड होम’ १८६३ साली, आणि पत्नीचे ‘नोट्स इन इंग्लंड अँड इटली’ १८६९ साली, म्हणजे पतीच्या निधनानंतर पाच वर्षांनी. पहिले अभ्यासक वाचतात. दुसऱ्याचा उल्लेख पहिल्याच्या टीपेत येतो. मूल्यमापनाचा हा क्रम मला सर्वस्वी अन्याय्य वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते. हॉथॉर्नचे गद्य फार वरच्या दर्जाचे आहे. लिंकनहून विदम नदीच्या बोटीने बॉस्टनला जाण्याचा त्याने वर्णिलेला प्रवास पाहा. दोन्ही काठांना सपाट, निरुत्साही प्रदेश, बोटीची गती मंद. आणि क्षितिजावर सेंट बोटॉल्फच्या चर्चचा अडीचशे फुटांहून उंच मनोरा. याच गावचा धर्मोपदेशक जॉन कॉटन १६३३ साली मॅसॅच्युसेट्सला गेला आणि तेथील बॉस्टनमध्ये नामांकित झाला. मूळ गाव पाहावयास निघालेल्या अमेरिकनाच्या मनाची स्थिती त्या कंटाळवाण्या नदीच्या आधाराने हॉथॉर्न जशी उभी करतो, तशी ती एखाद्या रम्य निसर्गचित्राने उभी राहिली नसती.

मात्र हा लेखक मुळात एकांताचा. यूटॉक्सिटरच्या बाजारात डॉ. जॉन्सनने वडिलांची आज्ञा तरुणपणी मोडली म्हणून उतारवयात भर पावसात उघड्या डोक्याने उभे राहून प्रायश्चित्त घेतले, ती जागा शोधावयास हॉथॉर्न एकटा जातो. आणि गंभीर भाव मनात धरून निघालेला हा यात्रेकरू आधी जेवून घेतो व ते प्रामाणिकपणे सांगतोही. एकट्याचा ‘मी’ त्याला असा सहज साधतो. सोबत असलेल्यांविषयी लिहिताना मात्र तो आखडता हात घेतो. पुस्तकात पत्नी बव्हंशी ‘आम्ही’च्या आड राहते. संकोची माणसाने घरच्या माणसांना चव्हाट्यावर आणू नये, ही त्याची मर्यादाशीलता असेल, आणि तिचा मान राखला पाहिजे. परंतु सर्वनामाच्या आड दडण्याची त्याची सवय तेवढ्यापुरती नाही. इंग्लंडच्या दारिद्र्यावरील प्रकरणात लिव्हरपूलजवळच्या वर्कहाउसला दिलेल्या भेटीचा प्रसंग आहे. एक रोगट, अनाथ मूल पाहुण्यांपैकी एका गृहस्थाच्या मागे लागते; तो गृहस्थ मनातील किळस आवरून त्याला उचलून घेतो, आणि लेखक त्याची वाखाणणी करतो. हॉथॉर्नच्या टिपणवह्यांवरून कळते की तो गृहस्थ दुसरा कोणी नसून तो स्वतःच होता. आपल्या आयुष्यातील बहुधा सर्वांत कठीण कृती त्याने ‘मी’मधून काढून ‘तो’च्या हवाली केली. येथे सर्वनाम बदलल्याने लेखनाची उंची वाढली, असेच माझे मत आहे. ‘आम्ही’च्या बाबतीत मात्र तसे घडत नाही, कारण येथे तो स्वतःला लपवतो आणि तेथे दुसऱ्याला.

आता सोफियाच्या पुस्तकाकडे येऊ. प्रस्तावनेत ती सांगते की ही टिपणे छापण्यासाठी लिहिलेली नव्हती, आणि आता नाइलाजाने ती पुढे करीत आहे. स्त्रीलेखिकेची ही प्रस्तावना आपल्याही ओळखीची आहे. मराठीत तिचे अनेक नमुने दाखविता येतील. पुस्तकात दोष आहेत. उद्गारचिन्हे फार, भव्य वास्तू दिसली की विशेषणांचा पूर येतो, आणि पुरातून मुद्दा वाहून जातो. वास्तूचा इतिहास सांगताना ती कधी कधी मार्गदर्शक पुस्तिकेच्या पातळीवर उतरते. तरीही मला हे पुस्तक टाकवत नाही, कारण तिच्या डोळ्यामागे चित्रकर्तीचा हात आहे. हॉथॉर्न कॅथीड्रलसमोर उभा राहतो आणि आपण या भव्यतेला पुरे पडत नाही ही जाणीव लिहितो. सोफिया जवळ जाऊन दगडाचे काम कसे केले आहे ते पाहते. त्याच्यापाशी चिंतन आहे, तिच्यापाशी वस्तू आहे. लिंकनची टेकडी दोघे चढली. पण एकच पुस्तक वाचणाऱ्याला लिंकन अर्धेच दिसते, आणि आपण अर्धेच पाहिले हे त्याला कळतही नाही.

दोघांची नजर एकमेकांवाचून कशी होते याचा थोडा अंदाज टिपणवह्यांतून येतो. प्रकृतीच्या कारणाने सोफिया १८५५ च्या ऑक्टोबरपासून १८५६ च्या जूनपर्यंत पोर्तुगालमध्ये होती. त्याच काळात, मार्च १८५६ मध्ये, ब्रिटिश म्युझियमच्या दालनांतून हिंडताना हॉथॉर्न इतका शिणतो की पार्थेनॉनची शिल्पे भाजून चुना करावा अशी इच्छा तो वहीत नोंदवतो. एका नोंदीवरून सिद्धान्त काढणे योग्य नाही. चित्रशिल्पांपुढे तो पत्नीसमवेतही पुष्कळदा थकलेला आहे. पण १८५७ च्या उन्हाळ्यात मँचेस्टरला कलासंग्रहाचे प्रचंड प्रदर्शन भरले, तेव्हा हे कुटुंब मुद्दाम जवळ बिऱ्हाड करून राहिले आणि हॉथॉर्न चित्रे आवडून घेण्याची चिकाटी धरून तेथे पुनःपुन्हा गेला. हा अभ्यास त्याने पत्नीच्या कलेच्या शेजारी राहून केला, हे विसरता येत नाही. त्याच प्रदर्शनात एके दिवशी त्याला टेनिसन दिसला. त्याने ओळख करून घेतली नाही. दुरून डोळे भरून पाहिले, आणि मग तो पत्नीला शोधावयास निघाला, तिलाही कवी दिसावा म्हणून. प्रदर्शनातील साऱ्या नवलांपेक्षा या दर्शनाचा आनंद आपल्याला अधिक झाला, असे तो नोंदवतो. सहप्रवासाविषयी मी जे वाचले आहे त्यात ही छोटी नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. आपण पाहिले, पण तिने पाहिले नाही, ही जाणीव तेथे आहे. ‘आम्ही टेनिसनला पाहिले’ असे एका वाक्यात त्याने उरकले असते, तर ती धावपळ हरवली असती.

पतीच्या मृत्यूनंतर सोफियाने त्याच्या इंग्लंडमधील टिपणवह्या संपादून १८७० साली प्रसिद्ध केल्या, आणि संपादताना तिने पुष्कळ गाळले, पुष्कळ सौम्य केले. रँडल स्टुअर्टने १९४१ साली मूळ पाठ सिद्ध केला तेव्हा तिच्या कात्रीवर बरीच टीका झाली. टीका रास्त आहे. मूळ संहितेला असा हात लावणे कोणत्याही संपादकाला क्षम्य नाही. पण पतीच्या पुस्तकात पत्नी सर्वनामात विरली होती आणि पत्नीच्या संपादनात पतीचे रांगडेपण विरले, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहणारा टीकाकार माझ्या वाचनात आला नाही. पहिल्या लोपाला कोणी संपादकीय दोष म्हणत नाही.

याउलट एक प्रसन्न उदाहरण आहे. जोसेफ व एलिझाबेथ रॉबिन्स पेनेल हे नवविवाहित अमेरिकन जोडपे १८८४ साली दोघांनी चालवावयाच्या तीनचाकीवर बसून चॉसरच्या यात्रेकरूंच्या वाटेने लंडनहून कँटरबरीला गेले. ‘अ कँटरबरी पिलग्रिमेज’ (१८८५) हे त्यांचे चिमुकले पुस्तक. शब्द तिचे, चित्रे त्याची, आणि मुखपृष्ठावर नावे दोघांची. चिंतनाची खोली त्यात नाही, आणि तशी प्रतिज्ञाही नाही. पण ‘आम्ही’ या शब्दाची फोड पानोपानी डोळ्यांपुढे होत राहते. मजकुरात एकीने टिपलेले, शेजारच्या रेखाटनात दुसऱ्याने टिपलेले. आणि दोहोंचा विषय नेहमी एकच असतो असेही नाही. पायाखालची चाके मात्र दोघांनाही फिरवावी लागली, आणि पुस्तक ते विसरत नाही.

मराठी वाचकाला येथे ‘अपूर्वाई’ आठवल्याशिवाय राहणार नाही. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या विलायतेच्या प्रवासावरचे हे पुस्तक १९६० साली आले आणि इंग्लंड पाहण्याची एक घरगुती, विनोदी दृष्टी त्याने मराठीला दिली. व्याकरणदृष्ट्या त्यात ‘आम्ही’ असले तरी वाचकाला ते ‘आपण’ वाटते. पु. लं.चा विनोद वाचकाला हाताला धरून आत नेतो, आणि या बळावर ते पुस्तक टिकले आहे. पण वाचक आत येतो तेव्हा शेजारची जागा थोडी आकसते. सुनीताबाईंनी त्या प्रवासावर स्वतंत्र पुस्तक लिहिले नाही. त्यांचे ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आले. ते प्रवासवर्णन नव्हे, आणि त्यावरून ‘अपूर्वाई’ची उलटतपासणी करणे मला अप्रशस्त वाटते. तथापि ते वाचल्यानंतर ‘अपूर्वाई’ पुन्हा हाती घेणारा वाचक ‘आम्ही’ या शब्दाशी क्षणभर थांबतो, हा अनुभव माझ्या एकटीचा नसावा. शेजारी चालणाऱ्या त्या तीक्ष्ण नजरेला काय दिसले होते, हा प्रश्न आता पुस्तकाच्या वाचनाचा भाग झाला आहे.

आता अनुवादाचा प्रश्न उरतो. सोफियाच्या टिपणांतील ‘वी’साठी मी प्रथमपासून ‘आम्ही’ ठेवते, ‘आपण’ नाही. कारण टिपणे लिहिताना तिच्यासमोर अनोळखी वाचक नव्हता. ‘आपण’ घातले तर वाक्य गोड होते, पण तिच्या खाजगी वहीला व्याख्यानाचा सूर येतो. ती एकटी चर्चच्या एखाद्या कोपऱ्यात रेंगाळते तेव्हा ‘मी थांबले’, ‘मी परत वळले’ अशी चालण्या-थांबण्याची क्रियापदे मी घेते, आणि ‘पाहिले’च्या जागी जमेल तेथे ‘पाहत राहिले’ लिहिते. त्याने वाक्य थोडे लांबते. पण पाहणारी तेथे दिसते.