पालक नावाचा पहिला वाचक

मराठी बालसाहित्याची चर्चा लेखकापासून सुरू होते आणि मुलापाशी संपते. मधला माणूस, म्हणजे पुस्तक पारखून त्याचे पैसे देणारा पालक, या चर्चेत ग्राहक म्हणून येतो; वाचक म्हणून त्याचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः संहिता प्रथम त्याच्याच हाती पडते. झोहार शाविट यांनी १९८६ साली बालसाहित्याच्या काव्यशास्त्राची मांडणी करताना या दुहेरी संबोधनाकडे लक्ष वेधले होते: मुलासाठी लिहिलेले पुस्तक प्रौढाच्या संमतीवाचून मुलापर्यंत पोचत नाही, म्हणून ते त्या प्रौढाशीही बोलत असते. ही संमती आपल्याकडे कशाच्या आधारे दिली जाते, हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी नाशिकच्या तुरुंगात लिहिल्या गेलेल्या एका पुस्तकाकडे पाहावे. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये तेथे ‘श्यामची आई’ लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. आजही ‘मुलाला काय द्यावे?’ या प्रश्नाला मराठी पालकाच्या ओठांवर प्रथम येणारे उत्तर बहुधा हेच असते. परंतु संहितेची रचना पाहिली तर काय दिसते? निवेदक मोठा झालेला श्याम आहे. रात्री प्रार्थनेनंतर तो आश्रमातील सोबत्यांना व गावकऱ्यांना आठवणी सांगतो आहे. पोहण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई मारते, तो प्रसंग घ्या. मुलाची भीती तेथे खरी आहे, तिचे चित्रणही उत्कट आहे. मात्र तिचा अन्वयार्थ मुलाच्या हाती राहत नाही. तो ठरवते प्रौढ श्यामची कृतज्ञता. म्हणूनच पालकाला हे पुस्तक इतके आश्वासक वाटत असावे. आज आपण दिलेला मार उद्या प्रेम म्हणून ओळखला जाईल, असे अभयच त्याला येथे मिळते. हा साने गुरुजींच्या कलेचा दोष नव्हे. दोष असलाच तर तो, स्वतःला दिलासा देणाऱ्या पुस्तकालाच मुलाच्या हिताचे पुस्तक समजणाऱ्या वाचनाचा आहे.

निवडीचा दुसरा आधार स्मरण. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आज विकत घेणारे अनेक पालक स्वतःचेच बालपण पुन्हा विकत घेत असतात. गंमत अशी की या मालिकेची सारी गती आईवडिलांच्या अनुपस्थितीवर उभी आहे. बनेशचे घर फुरसुंगीला आणि तो पुण्याच्या विद्याभवनात. घर दूर असल्यानेच साहसाला वाट मिळते. पालक हे पुस्तक मुलाच्या हाती ठेवतो तेव्हा स्वतःला कथेबाहेर ठेवण्यास नकळत संमती देतो. (मुलाला तसे सायकलवर एकटे सोडण्याची तयारी किती जणांची असते, हे विचारू नये.)

माधुरी पुरंदरे यांच्या ‘बाबांच्या मिश्या’मध्ये तर दृष्टीची दिशाच उलटते. अनूला वडिलांच्या मिशांचे विलक्षण आकर्षण आहे. येथे मूल पाहते आणि वडील पाहिले जातात. ‘यातून मुलीने काय शिकायचे?’ या प्रश्नाला पुस्तक उत्तर देत नाही. दुकानात उभ्याने चाळणारा पालक ते पुन्हा ठेवून देतो, तो बहुधा या मौनामुळे. चित्रे आवडलेली असतात, किंमतही परवडणारी असते. अडते ते तात्पर्यापाशी.

नाशिकनेच या प्रश्नाला एक वेगळे वळणही दिले आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. निवडक पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते आणि काही काळाने दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते. पुढे बालवाचकांसाठीही अशा पेट्या निघाल्या. या व्यवस्थेत पालकाची निवड संपते, हे खरे; पण निवड नाहीशी होत नाही, ती पेटी भरणाऱ्याकडे सरकते. तोही प्रौढच, त्यालाही आपली संस्कारकल्पना असणारच. तथापि एक महत्त्वाचा फरक पडतो. विकत घेतलेले एकुलते पुस्तक मुलाला वाचावेच लागते, कारण त्यावर पैसे पडलेले असतात. पेटीतील पुस्तक चार पाने वाचून बाजूला टाकता येते आणि त्याचा जाब कोणी विचारीत नाही. १८४० पासून चालत आलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थांचे मोलही, मला वाटते, पुस्तकसंख्येपेक्षा या नाकारण्याच्या मोकळिकीत अधिक आहे.

ही नाकारलेली पुस्तके कोणती, कोणत्या पानाशी टाकली जातात, याचा अभ्यास आपल्या समीक्षेने अद्याप मनावर घेतलेला नाही. पुरस्कार, शिफारशींच्या याद्या आणि ‘वयोगट आठ ते बारा’ यांसारखे शिक्के पालकाला मदत करतात. पण ते सारे प्रौढांनी प्रौढांसाठी लिहिलेले असतात. निवेदक मुलाच्या शेजारी बसला आहे की त्याच्या डोक्यावरून आपल्याकडे पाहून बोलतो आहे, हे शिक्क्यावरून कळत नाही. त्यासाठी पालकाला दोन पाने मोठ्याने वाचावी लागतात, आणि वाचताना मुलाच्या तोंडाकडे पाहावे लागते.