उदात्त, भय आणि पडका बुरूज

पाश्चात्त्य मीमांसेतील ‘सब्लाइम’साठी मराठी समीक्षेने ‘उदात्त’ हा शब्द रूढ केला आणि त्याबरोबर एक अडचणही पत्करली. धीरोदात्त नायकाच्या सहवासात वाढलेल्या या शब्दाला नैतिक उंचीचा अर्थ आधीच चिकटलेला होता. एडमंड बर्कने १७५७ मध्ये या अनुभवाचे मूळ भीतीत शोधले होते. मराठीत आलेला ‘उदात्त’ मात्र निर्भय झाला. भय ‘भयानका’च्या खात्यावर गेले, विस्मय ‘अद्भुता’च्या, दोहोंच्या संयोगाला नावच उरले नाही.

गॉथिक कल्पनेला पडकी वास्तू प्रिय असते. तशा वास्तूंची महाराष्ट्रात वाण नाही. तुमसर तालुक्यातला आंबागड हा सुमारे १७०० मधील गोंडकालीन किल्ला. पुढे भोसल्यांच्या राजवटीत तेथे तुरुंग होता आणि विहिरीचे सडके पाणी पाजून कैद्यांना मारीत, असे सांगितले जाते. गॉथिक कवीला याहून अधिक काय हवे? परंतु मराठी काव्यात गड उभा राहतो तो प्रामुख्याने वीररसाच्या आणि अस्मितेच्या आधाराने. त्याच्या अंधारकोठडीत कविता सहसा उतरत नाही.

बालकवींची (१८९०–१९१८) ‘खेड्यातील रात्र’ हा ठळक अपवाद. तिच्यातला उजाड माळ आणि ढासळलेला बुरूज कोणत्याही पराक्रमाची आठवण देत नाहीत. त्यांच्या ओसाडीला इतिहासच नाही, म्हणून ती अधिक भिववते. निसर्गकवी हे बिरूद एकदा लागल्यावर ही कविता आनंदी प्रतिभेवरची तात्पुरती सावली ठरवली गेली. वस्तुतः ती बालकवींच्या सौंदर्यदृष्टीची दुसरी बाजू आहे.

ब्राझीलच्या कवींना युरोपीय मध्ययुगाचे किल्ले वारशात मिळाले नव्हते. तेथे हे भय अन्यत्र वसले. आल्व्हारेस द आझेव्हेदोच्या (१८३१–१८५२) मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या गद्यकथांत ते मद्यगृहात आले. औगुस्तो दोस आंजोसने १९१२ च्या ‘एउ’ (म्हणजे ‘मी’) या संग्रहात स्वतःच्या देहालाच भग्नावशेष केले.

नागपूरच्या ग्रेस यांनीही (१९३७–२०१२) हे भय किल्ल्याबाहेर नेले. ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) पासून त्यांच्याकडे वास्तूची जागा वेळेने घेतली आहे: ज्या वेळी कडा विरतात आणि आई ही आसरा की धास्ती, हे निश्चित होत नाही, ती सांजवेळ. येथे दुर्बोधतेचा जुना आरोप नव्याने तपासावा लागतो. बर्कच्या मते स्पष्टता भीतीला लहान करते. अंधुकता ही या अनुभवाची अटच होय. ग्रेस यांचा धूसरपणा अनेकदा याच अटीतून येतो. त्याला शैलीचा दोष म्हणणाऱ्यांनी कवितेकडून अभय मागितले, असेच म्हणावे लागेल.

अर्थात हे समर्थन सरसकट देता येणार नाही. ग्रेस यांचा नाद काही ठिकाणी इतका गोड होतो, की धास्तीचा दागिना बनतो. ‘सांजभयाच्या साजणी’ (२००६) या शीर्षकातच भयाला अनुप्रासाची झालर लागली आहे. दोस आंजोस ही सवलत घेत नाही. त्याच्या वृत्तबद्ध सुनीतांत रसायनशास्त्राचे आणि कुजण्याचे रुक्ष शब्द मुद्दाम येतात आणि लयीला गोड होऊ देत नाहीत.