कोजी जुनरेई : कलेची यात्रा आणि न दिसलेली माणसे

नारा परिसरातील प्राचीन विहारांविषयी जपानी भाषेत जे लेखन झाले, त्यात वात्सुजी तेत्सुरो यांच्या ‘कोजी जुनरेई’ या ग्रंथाचे स्थान अजूनही अढळ आहे. १९१८ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, या तत्त्वचिंतकाने होर्यूजी, याकुशीजी, चूगूजी आदी विहारांना भेट दिली आणि १९१९ मध्ये हा ग्रंथ प्रसिद्ध केला.

मराठी वाचकाला आरंभीच आपली भूमी भेटते. प्रवासाला निघण्यापूर्वी वात्सुजींनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती पाहिल्या होत्या. होर्यूजीच्या कोंदो या मुख्य मंदिरातील भित्तिचित्रे त्यांनी मूळ रूपात पाहिली. १९४९ च्या जानेवारीत ती आगीत होरपळली. त्यामुळे त्यांचे वर्णन आज दस्तऐवजाच्या मोलाचे ठरले आहे. गांधारापासून नारापर्यंत बुद्धमूर्तीचा प्रवास शोधणारी त्यांची नजर सूक्ष्म आहे. चूगूजीच्या चिंतनमग्न बोधिसत्त्वाविषयीची पाने तर कोणत्याही अभ्यासकाने वाचावीत अशीच आहेत.

तथापि वात्सुजी आपली भूमिका स्वच्छ सांगतात: ही यात्रा कलेची आहे, प्राणिमात्रांना तारणाऱ्या बुद्धाची नव्हे. हा प्रामाणिकपणा स्तुत्य आहे. मात्र ग्रंथाची मर्यादाही त्यातच आहे. होक्केजीच्या संदर्भात ते सम्राज्ञी कोम्योची आख्यायिका विस्ताराने मांडतात. हजार जणांना स्नान घालण्याचे तिचे व्रत होते आणि अखेरचा माणूस कुष्ठरोगी निघाला. समाजाने दूर लोटलेला देह येथे ग्रंथात प्रवेश करतो, पण आख्यायिका म्हणूनच. लेखकाच्या काळातील बहिष्कृत माणूस या यात्रेत कोठेही भेटत नाही.

आणि तो दूर नव्हता. याच नारा प्रांतातील काशिवारा गावी साइको मानकिची हे बहिष्कृत वस्तीतील एका विहाराच्या पुरोहिताच्या घरी जन्मले होते. १८७१ च्या शासकीय आदेशाने ‘एता’ व ‘हिनिन’ ही नावे कायद्यातून गेली होती, व्यवहारातून नव्हे. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे ‘सुइहेइशा’ ही समतावादी संघटना स्थापन झाली, तिचा जाहीरनामा साइकोंनी लिहिला. ग्रंथ प्रसिद्ध होऊन तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती.

पालीच्या अभ्यासकाला याहून अस्वस्थ करणारी गोष्ट निराळीच आहे. जपानच्या काही संप्रदायांत मृत्यूनंतर दिल्या जाणाऱ्या धर्मनामांत या लोकांसाठी हीनतादर्शक अक्षरे योजली गेली, थडग्यांवर कोरली गेली. त्यांतील एक शब्द ‘सेंदारा’. हा आपलाच ‘चांडाल’! पुक्कुस कुळातील सुनीताला ज्या शास्त्याने संघात घेतले, त्याच्याच नावाने चालणाऱ्या विहारांनी हा शब्द चीनमार्गे स्वीकारावा आणि मृतालाही त्यातून सुटका देऊ नये, यास काय म्हणावे? सोतो झेन संप्रदायाने विसाव्या शतकाच्या अखेरीस अशा नावांची तपासणी हाती घेतली, हे नमूद केले पाहिजे. त्यासाठी बहिष्कृतांच्या संघटनांना दीर्घ काळ झगडावे लागले.

यास्तव ग्रंथ त्याज्य ठरतो काय? मुळीच नाही. त्याचे मराठी भाषांतर अवश्य व्हावे. त्याच्या प्रस्तावनेत मात्र होर्यूजीइतकीच काशिवाराचीही माहिती असावी. तेथे सुइहेइशाचे संग्रहालय आहे, आणि नाराला जाणाऱ्या आपल्या उपासकांच्या प्रवासक्रमात ते सहसा नसते.