कायगतासति आणि सैनिकाचे मन

सैनिकांच्या मानसिक आरोग्यासाठी शरीरभानाचे शिक्षण देण्याचे प्रयत्न अमेरिकेत गेली काही वर्षे चालू असून आता असे शिक्षण ऑनलाइन पाठांच्या रूपानेही मिळते. अमेरिकी सैन्यात अधिकारी राहिलेल्या एलिझाबेथ स्टॅन्ली यांनी अशी एक पद्धती सिद्ध केली आणि २०१९ मध्ये ‘वायडन द विंडो’ या ग्रंथात तिचे विवेचन केले. या पद्धतीतील स्मृतिसाधनेचा धागा बौद्ध परंपरेतून आलेला असल्याने पालि तिपिटकाच्या कसोटीवर तिची परीक्षा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम तिचा गुण सांगितला पाहिजे. आघात सोसलेले मन एकाएकी शरीराच्या आत वळविले तर ते अधिकच अस्वस्थ होऊ शकते, हे स्टॅन्ली ओळखतात. म्हणून शरीर जमिनीला व आसनाला जेथे टेकते, त्या स्पर्शापासून त्या आरंभ करतात. ही सावधगिरी धम्माला परकी नाही. संयुत्तनिकायातील वेसालीसुत्तात भगवंतांनी भिक्षूंना अशुभभावनेची देशना केली व ते पंधरा दिवस एकांतात गेले. त्या अवधीत अनेक भिक्षूंना स्वतःच्या शरीराची घृणा उत्पन्न झाली आणि त्यांनी जीवनाचा अंत केला. परतल्यावर भगवंतांनी संघ विरळ का दिसतो असे आनंदांना विचारले आणि आनापानसतीचा उपदेश केला. अशुभभावना आणि आधुनिक शरीरभान एक नव्हेत, हे खरे. तथापि हा अनर्थ शास्ता समीप नसताना घडला, ही गोष्ट ऑनलाइन शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्यांनी विसरू नये. मुद्रित पाठाला साधकाचा चेहरा दिसत नाही.

आमचा दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. सतिपट्ठानसुत्तात कायेचे निरीक्षण ‘अज्झत्त’ आणि ‘बहिद्धा’, म्हणजे आपल्या ठायी आणि इतरांच्या ठायी, असे दोन्ही प्रकारे सांगितले आहे. आधुनिक प्रशिक्षणाचा भर पहिल्यावर आहे. दुसरे बहुधा मागे पडते. सैनिकाच्या बाबतीत हे गौण कसे मानावे? समोरच्याची कायाही आपल्यासारखीच भंगुर आहे, हे पाहणे साधनेतून वगळले तर उरते ते केवळ कार्यक्षमतेचे साधन. योधाजीवसुत्तात भगवंतांनी योद्ध्याच्या चेतनेकडे लक्ष वेधले आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हिंसेची इच्छा आणि हिंसेची आवश्यकता यांत भेद केला. सुभेदार रामजींच्या या पुत्राने सैनिकाचा तिरस्कार कधी केला नाही. आम्हीही करीत नाही. सीह सेनापती उपासक झाला होता. परंतु शीलापासून तोडलेली सति सम्यक् राहत नाही, हे स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे.

आमच्या वर्धा जिल्ह्यात पुलगाव येथे सैन्याचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ रोजी तेथे लागलेल्या आगीत दोन लष्करी अधिकारी आणि अग्निशमनाच्या कामावरील अनेक जण मृत्युमुखी पडले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जणांचा बळी गेला. त्यांत कंत्राटी मजूर होते. युद्ध नसतानाही युद्धसाहित्याने घेतलेले हे बळी आहेत. सैनिकी मानसिक आरोग्याचा विचार गणवेशापाशी थांबला, तर पेट्या वाहणारा मजूर, आगीतून वाचलेला अग्निशामक आणि त्यांची कुटुंबे त्याच्या बाहेरच राहतात. ‘बहिद्धा’ हा शब्द आमच्या जिल्ह्यात प्रथम याच माणसांकडे निर्देश करतो.

म्हणून आमचे मत असे की, शरीरभानाचे शिक्षण अवश्य द्यावे. पण ते जाणत्या मार्गदर्शकाच्या सान्निध्यात, शीलाच्या पायावर आणि वैद्यकीय उपचारांना पूरक म्हणून द्यावे. ऑनलाइन पाठ फार तर उजळणीसाठी असावेत. आपल्या विहारांतून कायानुपस्सना शिकविणाऱ्यांनीही हीच कसोटी स्वतःला लावावी: शिकणारा व्याकूळ होऊन उठला, तर त्याच्याजवळ जाऊन बसणारे कोणी आहे काय?