बंध आणि चेहऱ्याचे तेज

चेहऱ्याच्या व्यायामाला मूळ, उड्डियान आणि जालंधर बंध जोडले की कातडी उजळते, असे हल्ली शिकवले जाते. शहागडला गोदाकाठी टेकाल तेव्हा ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय उघडा. पैठणच्या नाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेल्या या ग्रंथात तिन्ही बंध आहेत, योग्याची कांतीही आहे. पण ती कुंडलिनी जागल्यावरची. साधकाने कांतीसाठी बंध धरलेले नाहीत.

अमेरिकेतील २०१८ च्या अभ्यासात २० आठवडे व्यायाम केलेल्या १६ जणींचे गाल थोडे भरले. त्यात बंध नव्हते. तेव्हा व्यायाम खुशाल करा. रक्तदाब असेल तर श्वास कोंडू नका. बंध मात्र आरशासाठी वापरू नका. वारीत रापलेल्या तोंडाची लाज कशाला? माउलींनी भक्तीची सोपी वाट बाराव्या अध्यायात दाखवली आहे. रामकृष्णहरि.